चौदा विरुद्ध सोळा: एका दुपट्याचं प्रकरण

पुण्यातल्या एका आजींना नातवाच्या बोरन्हाणासाठी क्रोशाचं दुपटं हवं होतं. आडवे पाच, उभे सहा असे तीस चौकोन जोडायचे आणि भोवती झालर. तयार माप ७५ बाय ९० सेंटिमीटर. पॅटर्न त्यांच्या मुलीनं विकत घेऊन पाठवला होता. काम घेतलं सोलापूरच्या पूर्व भागातल्या, एकाच बोळात राहणाऱ्या तिघींनी. संक्रांत तोंडावर होती आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, सुरू झाला की घरात पाहुणे येणार, म्हणून चौकोन वाटून घेतले: अक्कांनी चौदा, वहिनींनी दहा, कॉलेजात जाणाऱ्या छोटीनं सहा. दुकान, लोकर, लॉट, सुई, पॅटर्न, सगळं एकच होतं.

जोडायच्या दिवशी चौकोन सतरंजीवर मांडले तेव्हा चौदा एका मापाचे निघाले आणि सोळा दुसऱ्याच. अक्कांचे पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे, सपाट. वहिनींचे आणि छोटीचे मोठे आणि शिवाय मधून फुगलेले, वाटीसारखे. टेप मधोमध टाकला तर २२ च्या आसपास, कडेनं मोजलं तर जेमतेम १७.

मी क्रोशा शिकवतो, म्हणून माझ्याकडे प्रकरण आलं ते या अवस्थेत. तोपर्यंत बोळातला निकाल लागून गेला होता आणि तो अक्कांच्या विरोधात होता. दोघींचे सोळा चौकोन एकमेकांशी जुळत होते, एकीचे चौदा जुळत नव्हते. दोघींनी कागद वाचून केले होते, एकीनं न वाचता. अक्कांना इंग्रजी येत नाही. मराठीही त्या बोट ठेवून वाचतात, घरची भाषा तेलुगू. वहिनी बी.कॉम. झालेल्या, फोनवर व्हिडिओ बघून क्रोशा शिकलेल्या आणि तिघींत कागद वाचणाऱ्या त्याच. तेव्हा चूक कुणाची हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. अक्कांनी चौदाही उसवायची तयारी दाखवली होती. फक्त एवढंच म्हणाल्या, "फोटोत बघा की वहिनी. खांबाला एकच पट्टा दिसतोय."

खांब म्हणजे क्रोशाचा एक उभा टाका. ते वाक्य बरोबर होतं, पण त्या क्षणी ते कुणी ऐकलं नाही.

कागदात काय होतं

पॅटर्न व्हॉट्सॲपवर आला होता आणि तोही फोटो काढून. पानं दोन. पहिल्यावर दुपट्याचं चित्र, माप, लोकर आणि सुईचा आकार. दुसऱ्यावर चौकोनाच्या फेऱ्या आणि झालर. फेऱ्या नेहमीच्या आखूड लिपीत होत्या. ही लिपी माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. सीएच म्हणजे साखळी. एसएस म्हणजे स्लिप स्टिच, जो फेरीचं तोंड शेवटाला जोडतो. एसटी म्हणजे टाका आणि एसपी म्हणजे साखळ्यांखालचं मोकळं घर. टीआर हे एका टाक्याचं नाव, कुठल्या ते पुढे येईल. चांदणीच्या खुणेपासून अर्धविरामापर्यंतचा तुकडा पुन्हा पुन्हा करायचा असतो. कंसातलं सगळं बहुतेक वेळा एकाच टाक्यात किंवा एकाच घरात जातं. "पुढच्या तीन टाक्यांत प्रत्येकी एक टीआर" आणि "पुढच्या टाक्यात तीन टीआर" या दोन ओळी इंग्रजीत दिसायला जवळजवळ सारख्या असतात. पहिलीनं काम सरळ जातं, दुसरीनं रुंद होतं. त्याच टीआरच्या मागे २ टॉग असं जोडलेलं आलं तर दोन टाके मिळून एक करायचा, म्हणजे काम आवळतं. हे एकदा हाताखाली बसलं की अडत नाही.

पहिली फेरी अशी होती: चार साखळ्यांची रिंग, ३ सीएच, हे एक टीआर धरावं, रिंगमध्ये २ टीआर, २ सीएच, मग चांदणी, ३ टीआर, २ सीएच, चांदणीपासून दोनदा पुन्हा, एसएसनं जोडावं.

छोटीचा पहिला तुकडा इथेच फसला, आणि मजेशीर फसला. तिनं चांदणीपासूनचा भाग एकूण दोनदा केला. "दोनदा पुन्हा" म्हणजे एकदा केल्यावर आणखी दोनदा, एकूण तीनदा. सुरुवातीचा एक गट आणि हे तीन मिळून चार कोपरे होतात. छोटीचे तीनच झाले आणि चौकोनाऐवजी त्रिकोण हातात आला. सगळ्या हसल्या, तिनं उसवला, पाच मिनिटांत प्रश्न मिटला. हा त्रिकोण मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो चुकीचा आहे हे तो स्वतःच ओरडून सांगत होता. दुसरी चूक अशी नव्हती. ती सोळा चौकोनभर गप्प राहिली. त्या चुकीतूनही एक रीतसर विणलेला, टाके बरोबर मोजलेला, देखणा चौकोनच तयार होत होता. फक्त तो या दुपट्याचा नव्हता.

दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक बाजूला चार टाके वाढतात. बाजूचे टाके ३, ७, ११, १५, १९, २३ असे जातात. सहाव्या फेरीला एकूण ९२. वहिनींचे ९२ होते, अक्कांचेही ९२. वहिनींनी प्रत्येक फेरीला मोजले होते आणि म्हणूनच त्या ठाम होत्या. त्यांच्या दृष्टीनं मोजणी बरोबर म्हणजे काम बरोबर. फुगवटा दिसला तेव्हा त्यांनी तो सैल हातावर ढकलला आणि चार चौकोन ओल्या कापडाखाली इस्त्रीनं दाबले. ते सपाट झाले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

टीआर नावाचे दोन टाके

घोळ इथे आहे आणि तो समजायला पुस्तक लागत नाही, हातात सुई असली की पुरे.

आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब ही नावं चालतात. मुका खांब बुटका: सुई घालायची, दोरा ओढायचा, सुईवरच्या दोन्ही फासांतून एकदम काढायचा. खांबाला आधी सुईवर एक वेढा घ्यायचा, मग सुई घालून दोरा ओढायचा आणि दोन-दोन फास करत दोन वेळा काढायचं. त्याहून उंच हवा असेल तर आधी दोन वेढे, मग दोन-दोन फास करत तीन वेळा.

अमेरिकन आणि ब्रिटिश पॅटर्न याच टाक्यांना वेगळी नावं देतात. वेगळे शब्द असते तर कुणी गोंधळलं नसतं. शब्द तेच आहेत आणि एक पायरी सरकलेले आहेत. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे, म्हणजे एससी. ब्रिटनमध्ये तोच डबल क्रोशे, म्हणजे डीसी. आपला अर्धा खांब अमेरिकेत एचडीसी, ब्रिटनमध्ये एचटीआर. आपला खांब अमेरिकेत डीसी, ब्रिटनमध्ये ट्रेबल, म्हणजे टीआर. आणि दोन वेढ्यांचा उंच खांब अमेरिकेत टीआर, ब्रिटनमध्ये डबल ट्रेबल, डीटीआर.

म्हणजे कागदावर नुसतं टीआर असेल तर तो खांबही असू शकतो आणि दोन वेढ्यांचा खांबही. नुसतं डीसी असेल तर मुका खांबही आणि खांबही. अक्षरांकडे कितीही वेळ बघून उत्तर मिळत नाही.

लक्षात ठेवायला एक युक्ती मी शिकवताना वापरतो. अमेरिकन नाव काढण्या मोजतं असं समजा: दोरा ओढून आणल्यावर मुक्या खांबात एकदा काढायचं, सिंगल, खांबात दोनदा, डबल, उंच खांबात तीनदा, ट्रेबल. ब्रिटिश नाव सुईवरचे फास मोजतं: दोरा ओढून आणल्यावर मुक्या खांबात सुईवर दोन फास, डबल, खांबात तीन, ट्रेबल, पुढच्यात चार, डबल ट्रेबल. दोन्ही हिशेब आपापल्या जागी चोख आहेत.

वहिनी ज्या व्हिडिओंवर शिकल्या ते अमेरिकन नावांचे. त्यांच्या वहीत पहिल्याच पानावर टीआरसमोर "दोन वेढे" असं लाल पेननं लिहिलेलं होतं. छोटी त्या वहीवरून शिकली. म्हणून सोळा जुळले. दोन माणसं एकाच वहीतून वाचत असतील तर त्यांचं एकमत हा पुरावा होत नाही. सोळा विरुद्ध चौदा हा सामना खरं तर एक विरुद्ध एक होता, आणि त्यातली एक बाजू वही होती.

अण्णांचा प्रश्न

चर्चा चालू असताना अक्कांचे यजमान, अण्णा, बाजूला पेपर वाचत बसले होते. टॉवेलच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पूर्व भागातल्या घरांत सुताची भाषा लहानपणीच कानावर पडते. अण्णांनी मान वर न करता विचारलं, "नंबर कुठल्या पद्धतीचा ते लिहिलंय का कागदावर?"

वहिनींना प्रश्न कळला नाही, मला लगेच कळला. सुती धाग्याचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. त्यामुळे ४० चं सूत २० च्या सुतापेक्षा बारीक. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, तिथे ४० हे २० पेक्षा जाड. अण्णा पुढे म्हणाले, "नुसतं वीस नंबर द्या म्हटलं तर गोदामवाला हाकलून देईल. कशातलं वीस, ते आधी सांगा म्हणेल."

मला जे अर्धा तास समजवावं लागलं असतं ते अण्णांनी दोन वाक्यांत संपवलं. टीआर हा पद्धतीशिवायचा नंबर आहे.

कागदानं आतूनच दिलेली साक्ष

पद्धत कागदावर लिहिलेली नव्हती. चांगल्या पॅटर्नला संक्षेपांची यादी असते आणि तिच्या डोक्यावर ब्रिटिश की अमेरिकन हे स्पष्ट लिहिलेलं असतं. या पॅटर्नलाही असणार, पण हातात दोनच पानं होती. तरीही बाहेरून काही न मागवता निकाल लावता येत होता.

पहिली गोष्ट साधा भागाकार. दुपटं ७५ सेंटिमीटर रुंद, आडवे चौकोन पाच. ७५ भागिले ५ म्हणजे पंधरा. ९० भागिले ६, तेही पंधरा. अक्कांचा चौकोन पंधराचा. हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होतं आणि तिघींपैकी कुणी भागाकार केला नव्हता. वहिनींचं म्हणणं, झालर आणि जोडणी धरून माप असेल. असेल, पण झालर लागल्यावर माप वाढतं. २२ चे चौकोन जोडून ७५ चं दुपटं कसं होणार?

भागाकारानं कोण बरोबर ते कळलं, का ते नाही. का ते सांगितलं वळणाच्या साखळीनं, आणि या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही.

फेरीच्या किंवा ओळीच्या सुरुवातीला टाक्याच्या उंचीइतक्या साखळ्या घालाव्या लागतात. रिवाज असा: मुक्या खांबाला एक, अर्ध्याला दोन, खांबाला तीन, दोन वेढ्यांच्या खांबाला चार. आता पॅटर्नची ओळ पुन्हा वाचा: "३ सीएच, हे एक टीआर धरावं." तीन साखळ्यांएवढा उंच असतो तो एका वेढ्याचा खांब. दोन वेढ्यांचा असता तर इथे चार आल्या असत्या. म्हणजे या कागदातला टीआर हा आपला खांब आणि कागद ब्रिटिश.

सातव्या फेरीनं हेच दुसऱ्या बाजूनं सांगितलं. तिथे "१ सीएच, प्रत्येक टाक्यात एक डीसी" असं होतं. एका साखळीवर उभा राहतो तो मुका खांब. अमेरिकन डीसी असता तर तीन साखळ्या लागल्या असत्या. वहिनींनी ही फेरीसुद्धा पूर्ण खांबाची केली होती, त्यामुळे त्यांचा चौकोन कडेला आणखी वाढला. एक साखळी घालून तिच्या शेजारी खांब उभा केला की सुरुवातीचा टाका ओढला जातो, आणि त्यांच्या प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्याजवळ तशी बारीक घडी होती. मी ती दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "ती मला दिसत होती. वाटलं माझीच सुरुवात घट्ट होते."

बाकीच्या खुणा दुय्यम, पण सगळ्या एकाच दिशेला. पूर्ण कागदात एससी कुठेच नाही. एससी दिसला तर पॅटर्न अमेरिकन हे पक्कं, कारण आजच्या ब्रिटिश पॅटर्नात ते नाव येत नाही. मात्र न दिसणं हा कमजोर पुरावा, कदाचित तो टाकाच लागत नसेल. टाका सोडायला "मिस" लिहिलं होतं, अमेरिकन लेखिका "स्किप" लिहिते. मापाच्या नमुन्याला "टेन्शन" म्हटलं होतं, तिकडे "गेज" म्हणतात. दोरा वेढण्याला "वायआरएच" होतं, अमेरिकेत "वायओ". आणि सगळ्यात सोपी खूण कागदाबाहेर होती: पॅटर्न पाठवणारी मुलगी ब्रिटनमधल्या लीड्सला राहते. हे तिघींनाही माहीत होतं. पॅटर्न कुठून आला हा प्रश्न पॅटर्न वाचण्याचा भाग आहे, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

तरी वहिनींचं समाधान झालं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. एका साखळीच्या फरकावर दहा चौकोन उसवायचे? मग शेवटचा पुरावा हातानं करायचं ठरलं. पहिल्या पानावर टेन्शन दिलेलं होतं: ४ मिलिमीटरच्या सुईनं दहा सेंटिमीटरमध्ये १६ टीआर आणि ९ ओळी. तीच लोकर, तीच सुई घेऊन वहिनींनी स्वतः दोन पट्ट्या विणल्या. एका वेढ्याच्या खांबाच्या दहा सेंटिमीटरमध्ये नऊ ओळी बसल्या. दोन वेढ्यांच्या सहाच. त्यांनी पट्टी दोनदा लावली आणि मग काही न बोलता कात्री मागितली.

वाटी का झाली तेही त्याच आकड्यांत आहे. प्रत्येक फेरीत बाजूला चार टाके वाढतात. १६ टाक्यांना दहा सेंटिमीटर, म्हणजे चार टाक्यांनी कड अडीच सेंटिमीटर लांबते. खांबाची एक ओळ साधारण १.१ सेंटिमीटर उंच, चौकोन दोन्हीकडून वाढतो म्हणून फेरीमागे २.२. कड आणि पोट जवळजवळ बरोबरीनं वाढतात, काम सपाट राहतं. दोन वेढ्यांच्या खांबाची ओळ १.७ च्या घरात, दोन्हीकडून ३.३. कड वाढतेय अडीचनं आणि पोट सव्वातीननं. जास्तीचं कापड कुठे जाणार? ते फुगतं. गोल किंवा चौकोनी कामाची वाटी होत असेल तर हाताला दोष देण्याआधी टाका जास्त उंच झालाय का ते बघावं. उलट कडेला लाटा पडत असतील तर टाका बुटका पडलाय किंवा वाढ जास्त झालीय.

अक्कांनी काय वाचलं

अक्कांनी पॅटर्न वाचला नव्हता हे म्हणणं मला मान्य नाही. त्यांनी चित्र वाचलं होतं, आणि नीट. खांबाच्या अंगावर वेढ्याचा एक तिरका पट्टा दिसतो. दोन वेढ्यांच्या खांबाला असे दोन पट्टे असतात, मुक्या खांबाला एकही नाही. फोटो मोठा करून त्यांनी पट्टे मोजले, एका बाजूचे टाके मोजले, कोपऱ्यातली घरं बघितली. तोरणं आणि रुखवतातले रुमाल त्यांनी आयुष्यभर असेच उचलले आहेत, दुसरीचं काम खिडकीच्या उजेडात धरून.

म्हणून मी त्यांच्यासमोर चिन्हांचा आराखडा काढला. हा प्रकार जपानी पुस्तकांत सर्रास असतो आणि आता इतरही देशांत रुळलाय. साखळीला लांबट अंडाकृती, मुक्या खांबाला फुली किंवा अधिकचं चिन्ह, अर्ध्या खांबाला नुसता इंग्रजी टी, खांबाला टीच्या दांडीवर एक तिरकी रेघ, दोन वेढ्यांच्या खांबाला दोन रेघा. रेघा म्हणजे वेढे. चिन्हं मधून बाहेर जशी विणली जातात तशीच मांडलेली असतात. मी दोन फेऱ्या काढल्या, अक्कांनी तिसरी स्वतः काढली. मग बोट ठेवून विचारलं, "अर्ध्या खांबालाही वेढा असतो की. त्याला रेघ का नाही?" प्रश्न रास्त आहे. अर्ध्या खांबात वेढा एक असतो, पण तिन्ही फासांतून दोरा एकदमच निघतो; चिन्हात त्याला रेघ देत नाहीत. तेवढा अपवाद घोकावा लागतो. वहिनींना या आराखड्याची सवय व्हायला वेळ लागला. त्या सवयीनं चिन्हाशेजारी अक्षरं लिहायला जात होत्या.

दुरुस्ती

सोळा चौकोन उसवायचे ठरले, पण उसवता आले बाराच. इस्त्रीखाली गेलेले चार मेले होते. आपण लोकर म्हणतो, पण ही लोकर ॲक्रिलिकची. तिला वाफेची धग लागली की तंतू ढिला पडतो, फुगीरपणा जातो आणि तो परत येत नाही. उसवलेला दोरा लोंबकळत राहतो, त्याचा टाका उभा राहत नाही. ॲक्रिलिकचं काम सपाट करायचं तर पाण्यानं ओलं करून, टाचण्या लावून वाळू द्यावं; इस्त्री लांब ठेवावी.

सुदैवानं मोठ्या चौकोनांत दोरा जास्त गेला होता. बारा उसवून निघालेल्या लोकरीत सोळा चौकोन बसले. झालरीला मात्र कमी पडली. नवी पेठेत त्याच रंगाचे गोळे मिळाले, पण लॉट वेगळा, छटा किंचित पिवळट. अक्कांनी सांगितलं, नव्या लॉटचा एकही चौकोन करायचा नाही. पूर्ण झालर नव्या लोकरीची करायची. भोवती सगळीकडे सारखीच छटा असली की ती मुद्दाम केल्यासारखी दिसते. झालंही तसंच.

एक अडचण मात्र पॅटर्नच्या भाषेशी संबंधित नव्हती. टाका बरोबर झाल्यावरही वहिनींचा चौकोन अक्कांच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठा येत होता. म्हणजे हात सैल होता हे त्यांचं निदान अगदीच खोटं नव्हतं, फक्त ते सात सेंटिमीटरच्या फरकाला पुरणारं नव्हतं. त्यांना साडेतीन मिलिमीटरची सुई दिली, फरक गेला. तीन हातांचं काम एकत्र जोडायचं असेल तर सगळ्यांना एकच सुई देण्यापेक्षा सगळ्यांचं माप एक येईल अशी ज्याची त्याची सुई द्यावी. सुई घेतानाही मिलिमीटर बघावेत. जुन्या ब्रिटिश क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत अक्षरं आणि आकडे दोन्ही चालतात, आणि लेसच्या बारीक स्टीलच्या सुयांचे क्रमांक आणखी निराळे. इथे पॅटर्नवर ४ मिलिमीटर छापलेलं होतं म्हणून एक घोळ वाचला.

तिसरं पान मागवलं तेव्हा आजींच्या फोनमध्ये ते होतंच. "त्यात नुसती अक्षरांची यादी होती, म्हणून पाठवलं नाही," असं त्यांचं उत्तर आलं. यादीच्या वर ब्रिटिश संज्ञा वापरल्याचं ठळक लिहिलेलं होतं. दोष कुणाचा या प्रश्नावर बोळात बरीच चर्चा झाली. माझं मत: यादी न पाठवणं हे विणकाम न करणाऱ्या माणसाकडून होणारच. ती मागणं हे काम घेणाऱ्याचं काम. जास्तीच्या गोळ्यांचे पैसे तिघींनी आपल्या खिशातून घातले ते मला बरोबर वाटलं, वहिनींना अजून वाटत नाही.

वहीचं नवं पान

वहिनींनी लाल पेनची ओळ खोडली नाही. तिच्यापुढे "अमेरिकन" लिहिलं, शेजारी नवा रकाना आखून "ब्रिटिश" लिहिलं आणि मधल्या रकान्यात आपली नावं. कुठलाही इंग्रजी पॅटर्न आला की आता आधी तो मधल्या रकान्यात उतरवतात: सा, मु, अ, खां, आणि उंच खांबाला २वे. पूर्ण पॅटर्न उतरवायला तास-दीड तास जातो. छोटीला तो वेळ वाया वाटतो. पण उतरवताना प्रत्येक ओळ थांबून वाचावी लागते आणि चांदणीच्या जागा तेव्हाच कळतात. शिवाय अक्कांना तो कागद वाचता येतो.

पुढची ऑर्डर बाळाच्या टोपड्यांची आली. पॅटर्नमध्ये डीसी आहे, एससी कुठेच नाही, आणि ओळीच्या सुरुवातीला साखळ्या दोन. दोन साखळ्या रिवाजानं अर्ध्या खांबाच्या, पण बऱ्याच अमेरिकन लेखिका खांबालाही दोनच घालतात, म्हणजे फट दिसत नाही. म्हणजे वळणाच्या साखळीवरून इथे काहीच ठरत नाही. वहिनींनी फोनवर मला एवढंच सांगितलं की यादीचं पान मागवलंय, ते येईपर्यंत डीसी मुका धरून एक आणि खांब धरून एक अशा दोन पट्ट्या विणायला घेतल्यात, आणि कागदावरच्या नमुन्याच्या मापाशी कुठली जुळते ते उद्या कळवते.